नंबर ८एनचा, पेडल २एनचे: एका जुन्या फोर्ड ट्रॅक्टरची वाहतूक आणि ओळख

विकणाऱ्या गृहस्थांनी ट्रॅक्टरचे वर्णन एका ओळीत उरकले होते: फोर्ड ८एन, सन १९५०, इंजिन जाम नाही, काही वर्षे शेडमध्ये उभा. फोटोत बॉनेट आणि मडगार्ड फिकट राखाडी, खालचे सगळे पोट लाल. हा रंग पाहिला की जुन्या ट्रॅक्टरांच्या नादातला माणूस ८एनच म्हणणार, कारण फोर्डच्या एन मालिकेत कारखान्यातून राखाडी-लाल अशा जोडरंगात ८एनच बाहेर पडला. त्याआधीचे ९एन आणि २एन सबंध गडद राखाडी असत. माझ्या एका स्नेह्यांनी फोटोवर सौदा ठरवला, विसार दिला आणि ट्रॅक्टर आणायला जाताना मला सोबत घेतले. त्यांच्या मनात कामाचा क्रम पक्का होता. आधी ट्रॅक्टर सुखरूप घरी आणायचा, मग सवडीने त्याचे मॉडेल आणि साल नक्की करून सुटे भाग मागवायचे.

बहुतेक लोक याच क्रमाने जातात. या प्रकरणात मात्र ट्रॅक्टर नेमका कोणता हे ट्रेलरवर चढवण्याआधीच कळावे लागले, आणि ते कळले म्हणून चढवण्याची पद्धत बदलली. सगळे तपशिलात लिहितो आहे ते त्यासाठीच.

एन मालिका आणि तिचा एकुलता नंबर

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. १९३८ मध्ये हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. फर्ग्युसनची तीन बिंदूंची जोडणी (अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन जागी जोडायची रीत) आणि ते उचलणारी, तेलाच्या दाबावरची हायड्रॉलिक यंत्रणा, कारखाना आणि विक्रीची ताकद फोर्डची. त्यातून जून १९३९ मध्ये ९एन आला. १९४२ मध्ये त्याचे नाव २एन झाले. महायुद्धामुळे रबर आणि तांबे मिळेना, म्हणून काही २एन लोखंडी चाकांवर आणि मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रावर, विकले गेले, पण मुळातले यंत्र तेच राहिले. १९४७ मध्ये हा करार संपला. फोर्डने सुधारणा करून ८एन बाजारात आणला, फर्ग्युसनने दावा लावला आणि तो १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर मिटला. ८एनचे उत्पादनही १९५२ मध्येच थांबले.

या तिन्ही मॉडेलांचे इंजिन जवळपास एकच आहे: चार सिलिंडर, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला, क्षमता ११९.७ घन इंच, म्हणजे सुमारे १.९६ लीटर. एकाचे इंजिन दुसऱ्यावर फारशी कटकट न होता बसते. शेतकऱ्याचे इंजिन गेले की शेजारच्या भंगारातल्या ट्रॅक्टरचे काढून बसवायचे, हंगाम चुकू द्यायचा नाही. असे हजारो ठिकाणी झाले आहे आणि त्यात गैर काही नाही.

खरी अडचण नंबराची आहे. एन मालिकेच्या ट्रॅक्टरला वेगळी चॅसिस नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे डिफरेन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरांचा संच) एकमेकांना बोल्टने जोडले की तोच सांगाडा. कारखान्याचा क्रमांक त्यातल्या फक्त इंजिनवर पंच केलेला असतो: ब्लॉकच्या डाव्या अंगाला, सिलिंडर हेडच्या खाली, मागच्या बाजूला, अंकांच्या दोन्ही टोकांना तारा. इंजिन बदलले की ट्रॅक्टरचा जन्मदाखलाही त्याच्याबरोबर जातो आणि दुसऱ्याचा येतो. त्यात आणखी एक गुंता असा की २एनवरचा नंबरसुद्धा ‘९एन’ याच अक्षरांनी सुरू होतो. ‘२एन’ असा नंबर शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

शेडमधली पाहणी

ट्रॅक्टर शेडमध्ये होता तसाच आधी चारी बाजूंनी, वरून, खालून टिपून घेतला. धूळ, ग्रीस, चिकटलेले गवत, सगळ्यासकट. जुन्या यंत्रावरचा मळ हाही पुरावाच असतो. कुठला बोल्ट अलीकडे उघडला गेला, कुठे नवा रंग जुन्या ग्रीसवर मारला आहे, हे धुण्याआधीच दिसते. घरी नेल्यावर प्रेशरने धुऊन काढले की ते गेले.

नंबराची जागा रंगाच्या थराखाली होती. तिथे ग्राइंडर, सँडपेपर असले काही लावायचे नाही. पंच केलेले अंक उथळ असतात आणि एकदा घासले की परत येत नाहीत. थिनरमध्ये बुडवलेले फडके थोडा वेळ जागेवर दाबून धरले, मऊ झालेला रंग नायलॉनच्या ब्रशने काढला, कोरडे केले आणि पांढरा खडू आडवा फिरवला. खडू खाचेत भरतो आणि अंक उठून दिसतात. शिवाय कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला, कारण फोटोत ३ आणि ८ सारखे दिसू शकतात, ठशात फरक कळतो.

नंबर निघाला ‘८एन’ने सुरू होणारा, एक लाख नव्वद हजारांच्या घरातला. ८एनच्या क्रमांकांची सालवार यादी प्रसिद्ध आहे. १९४९ चे क्रमांक १,४१,३७० पासून आणि १९५० चे २,४५,६३७ पासून सुरू होतात. म्हणजे इंजिन १९४९ चे. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना वीज वाटणारा भाग, इंजिनच्या तोंडाशी, पंख्यामागे होता, तेही जुळत होते, कारण तो बाजूला बसवायला सुरुवात झाली ८एन २,६३,८४४ या क्रमांकापासून. जाहिरातीतले साल एका वर्षाने पुढे होते एवढेच, आणि विकणाऱ्यांच्या सांगण्यातही खोट दिसत नव्हती. त्यांनी नंबर वाचला होता, रंग पाहिला होता आणि त्यावरून सांगितले होते.

मी गिअरचा दांडा हलवून पाहिला. न्यूट्रलमधून पुढचे गिअर मोजले तर तीनच. पुन्हा मोजले. ८एनला पुढचे चार गिअर असतात, ९एन आणि २एनला तीन. इथे एक काळजी घ्यावी लागते. या ट्रॅक्टरांवर शर्मन नावाचा जादा गिअरबॉक्स पुष्कळ जणांनी बसवून घेतला होता, आणि त्याचा वेगळा छोटा दांडा असतो. तो असेल तर मोजणीचा घोळ होतो. इथे तसला दांडा नव्हता. गिअर तीनच होते.

त्यानंतर नजर आपोआप इतर खुणांकडे गेली. ८एनचे बॉनेट पुढच्या बिजागरीवर उलटते. इथले बॉनेट पक्के बसवलेले आणि टाकी-बॅटरीपर्यंत हात जायला वर झाकण, म्हणजे ९एन किंवा २एनची रीत. समोर फोर्डच्या चिन्हाखाली जिथे ‘फर्ग्युसन सिस्टिम’ची पट्टी असते तिथे पट्टी नव्हती, पण लांबी भरून घासल्याची खूण होती. सीटखाली उजवीकडे ८एनला हायड्रॉलिकची पद्धत बदलायचा एक छोटा दांडा असतो, त्याने अवजार ठरावीक उंचीवर धरता येते. तो इथे नव्हता. पाय ठेवायच्या लांब पट्ट्या मात्र होत्या, आणि त्या ८एनची खूण मानल्या जातात. खाली वाकून पाहिले तर त्या नंतर बसवलेल्या निघाल्या, मूळच्या पायखुंट्या मागे तशाच होत्या. एका खुणेवर मॉडेल ठरवू नये ते याचसाठी. बोल्टने निघणारी वस्तू ही सगळ्यात कच्ची साक्ष, ओतीव सांगाड्यातली सगळ्यात पक्की.

पेडल

आता ज्या गोष्टीने बेत बदलला ती सांगतो. ट्रेलर घेऊन आलेले वाहतूकदार अनुभवी होते आणि त्यांनी ८एन पुष्कळदा हलवले होते. त्यांचा बेत असा: बॅटरी जोडून इंजिन चालू करायचे, स्वतः सीटवर बसायचे आणि ट्रॅक्टर उलटा, म्हणजे रिव्हर्समध्ये, फळ्यांवरून चढवायचा. उलटा चढवण्यामागचा विचार योग्यच आहे. ट्रॅक्टरचे वजन मागच्या चाकांवर जास्त असते. चढावर तोंड करून गिअरमध्ये जोर दिला तर पुढचा भाग उचलला जाऊन ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो. जड बाजू चढाकडे ठेवली की हा धोका बराच टळतो.

पण ८एनवर डावा आणि उजवा असे दोन्ही ब्रेक उजव्या पायाखाली असतात आणि डाव्या पायाला फक्त क्लच. फळ्यांच्या मध्यावर इंजिन बंद पडले तर डाव्या पायाने क्लच, उजव्याने दोन्ही ब्रेक, ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो. ९एन आणि २एनवर तसे नाही. तिथे उजव्या पायाखाली फक्त उजव्या चाकाचा ब्रेक आहे, डाव्या चाकाचा ब्रेक डावीकडे, क्लचच्या शेजारी. ८एनची सवय असलेला माणूस घाईच्या क्षणी डाव्याने क्लच आणि उजव्याने ब्रेक दाबणार, म्हणजे फक्त उजवे चाक धरले जाणार. डिफरेन्शियलमुळे डावे चाक मोकळे सुटते आणि अख्खा ट्रॅक्टर धरलेल्या चाकाभोवती फिरतो. सपाट शेतात याच करामतीने ट्रॅक्टर जागेवर वळवतात. हातभर रुंदीच्या फळीवर त्याचा अर्थ एकच, चाक फळीबाहेर.

इथे तर डावा ब्रेक गंजून अडकलेलाही होता. शिवाय वर्षानुवर्षे उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसलेली असू शकते, मग क्लच दाबला तरी गिअर सुटत नाही. इंजिन चालू करून हे तपासायची जागा फळ्या नव्हेत.

वाहतूकदारांना मी पेडल दाखवले. ते खाली वाकले, पेडल दाबून पाहिले आणि स्वतःच म्हणाले, “मग सीटवर कोणी बसायचं नाही, विंचने ओढू.” विंच म्हणजे ट्रेलरवरचे, दोर गुंडाळून ओढणारे यंत्र. बॅटरीच्या तारा सोडल्या, पेट्रोलचा कॉक बंद केला. विजेबद्दल एक सूचना इथेच देतो. हे ट्रॅक्टर मुळात ६ व्होल्टचे आणि पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले. या ट्रॅक्टरवर कोणीतरी १२ व्होल्टचा अल्टरनेटर बसवून अर्थिंग निगेटिव्ह केले होते. जुन्या ट्रॅक्टरला दुसऱ्या गाडीवरून करंट द्यायचा असेल तर आधी कोणते टोक बॉडीला आहे हे पाहावे, समजून चालू नये.

वजन आणि चढण

असा ट्रॅक्टर अवजाराशिवाय अकराशे किलोच्या आसपास भरतो. कागदावरचा हा आकडा धरून ट्रेलर ठरवला जातो आणि नेमका इथे घोटाळा होतो, कारण मागच्या टायरांत पकड वाढवण्यासाठी पाणी किंवा कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरलेले असू शकते. पाहायची पद्धत सोपी आहे. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला येईल असे चाक फिरवायचे आणि व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबायची. हवा आली तर टायर कोरडा, ओल आली तर भरलेला. इथे ओल आली, आणि रिमवर व्हॉल्व्हभोवती गंजाची पापुद्र्यांची माळ होती, म्हणजे क्षाराचे द्रावण. या मापाच्या टायरमध्ये पाऊण उंचीपर्यंत भरले तर दीडशे लीटरच्या आसपास द्रव मावतो, आणि हे द्रावण पाण्याहून जड असते. दोन चाकांचे मिळून साडेतीनशे किलो धरले. ट्रॅक्टर झाला साडेचौदाशे किलोचा. त्यात रिकाम्या ट्रेलरचे सातशे मिळवले तर ओढायचे एकूण वजन साडेएकवीसशे. ओढणाऱ्या गाडीची आणि ट्रेलरची नोंदलेली क्षमता या आकड्याशी ताडून पाहिली. दोन्ही पुरत होत्या.

रुंदीही मोजून घ्यावी. या ट्रॅक्टरांची मागची चाके आत-बाहेर करून दोन चाकांच्या मध्यरेषांमधले अंतर ४८ ते ७६ इंचांपर्यंत ठेवता येते. चाके बाहेरच्या टोकाला असतील तर ट्रॅक्टर ट्रेलरच्या मडगार्डांमध्ये मावत नाही, आणि ते जागेवर गेल्यावर कळून उपयोग नसतो.

विंचवर किती ताण येईल याचा हिशेब अवघड नाही. ट्रेलरचा पाट जमिनीपासून ६० सेंटिमीटर, फळ्या २४० सेंटिमीटर लांब. चढ चारास एक. साडेचौदाशेचा चौथा भाग सुमारे तीनशे साठ किलो, वर मऊ टायर आणि अडखळत्या ब्रेकचा विरोध. विंच त्याच्या कितीतरी पट ताकदीचा होता. तरी टायरांत हवा भरून घेतली, कारण बसका टायर फळीच्या कडेला अडतो आणि विंचला झटका देतो. डावे चाक ड्रमवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोकत, पुढे-मागे झुलवत मोकळे केले. गिअर न्यूट्रल, पीटीओचा (अवजारांना इंजिनची शक्ती देणाऱ्या मागच्या शाफ्टचा) दांडा सुटा.

विंचचा दोर एका जागी अडकवला नाही. पुढच्या ॲक्सलच्या मधल्या भागाला दोन बाजूंनी साखळी घेऊन तिच्या टोकाला दोर लावला, म्हणजे ओढ मध्यरेषेत राहते आणि पुढची चाके सरळ चालतात. सीट रिकामी. चाके थोडीही वळली की विंच थांबवायचा, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, स्टिअरिंग सरळ करायचे आणि मगच पुढे. ठोकळे लांब दांडीला बांधलेले होते आणि बाजूला उभे राहूनच सरकवले जात होते. चढावर ट्रॅक्टरच्या मागे किंवा ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही नाही, ही एक अट सर्वांनी पाळली. वेळ लागला. लागू द्यावा.

ट्रेलरवर कुठे आणि कशाने

विंचने पुढून ओढल्यामुळे ट्रॅक्टरचे तोंड गाडीकडे आणि जड बाजू मागे आली. वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेले तर हुकावरचा भार हलका होतो आणि वेग येताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. बॉल हुकाच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा, आणि गाडीच्या हुकाची मर्यादा त्याहून कमी असेल तर ती मर्यादा अंतिम. ट्रॅक्टरच्या दोन ॲक्सलांमधले अंतर ७० इंच. भरलेल्या टायरांमुळे गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे साधारण ५० सेंटिमीटरवर आला असावा. म्हणून मागचा ॲक्सल ट्रेलरच्या दोन ॲक्सलांच्या मधोमध येईल असा ट्रॅक्टर उभा केला आणि वाटेतल्या वजनकाट्यावर हुकाचा भार पाहिला. तो बारा टक्क्यांच्या जवळ आला.

बांधायला चार साखळ्या, चार कोपऱ्यांत, प्रत्येकीला ती ताणून आवळणारा स्वतंत्र बाइंडर. ५/१६ इंची ग्रेड ७० साखळीचा सुरक्षित भार सुमारे २,१३० किलो. रस्त्यावरच्या मालवाहतुकीत अचानक ब्रेकसाठी मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेला धरतात, इथे तो ११६० किलो. मागे ओढणाऱ्या दोन साखळ्या तिरक्या लावल्या तरी त्याला पुरून उरतात.

साखळीच्या ताकदीपेक्षा ती अडकवायची जागा अधिक महत्त्वाची आहे असे माझे ठाम मत आहे. एन मालिकेत पुढच्या ॲक्सलच्या टोकांपासून मागे सांगाड्यापर्यंत दोन लांब रॉड जातात, आणि स्टिअरिंग बॉक्सपासून प्रत्येक पुढच्या चाकाला एकेक वेगळा रॉड. हे चारही रॉड हुक अडकवायला सोयीचे दिसतात आणि तिथेच ते वाकतात. पुढच्या साखळ्या ॲक्सलच्या मधल्या जाड भागावरून घेतल्या, मागच्या डिफरेन्शियलच्या दोन्ही बाजूंच्या ॲक्सल हाउसिंगवरून. लिफ्टच्या भुजांना काहीही बांधले नाही. त्या हायड्रॉलिकवर उभ्या असतात आणि या ट्रॅक्टरांत पंप पीटीओच्या शाफ्टवरून चालतो, म्हणजे इंजिन बंद असताना त्यांना कसलाच आधार नाही. त्या झुलून मडगार्डवर आदळू नयेत म्हणून एकमेकींना दोरीने बांधल्या.

थोडे अंतर गेल्यावर गाडी थांबवून साखळ्या तपासल्या. दोन ढिल्या झाल्या होत्या. हवेच्या टायरवर उभा असलेला माल सुरुवातीच्या धक्क्यांत खाली बसतोच, त्यामुळे हे थांबणे टाळता येत नाही. बॉनेटचे वरचे झाकण पट्ट्याने बांधले होते. ८एन असता आणि तोंड मागे करून नेला असता तर बॉनेटची मागची कड वाऱ्याने उचलली जाण्याची भीती होती, तेव्हा बॉनेटच बांधावे लागले असते. उतरवतानाही विंचच वापरला, त्याच शिस्तीने.

ओतीव भागांवरच्या तारखा

घरी आल्यावर खरा शोध सुरू झाला. फोर्डच्या कारखान्यात मोठ्या ओतीव भागांवर ओतल्याची तारीख उठवत असत: महिन्यासाठी एक इंग्रजी अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा अंक. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, याप्रमाणे. या तारखा ग्रीसच्या आणि रंगाच्या खाली दडलेल्या असतात, त्यामुळे लाकडी पट्टीने खरवडून, डिझेलने पुसून हळूहळू शोधावे लागते.

सालाचा एकच अंक असला तरी बहुतेक वेळा उत्तर एकच निघते. मालिका १९३९ ते १९५२ एवढीच चालली. ३ ते ८ यातला अंक असेल तर साल ठरलेच, कारण १९३३ किंवा १९५६ शक्य नाही. ९, ०, १ आणि २ यांचा मात्र घोळ होतो. ९ हा १९३९ चा असू शकतो किंवा १९४९ चा. तिथे दुसरी साक्ष लागते.

गिअरबॉक्सवर निघाले ‘सी २२ ६’. डिफरेन्शियलच्या हाउसिंगवर ‘सी १९ ६’. दोन्ही मार्च १९४६ चे, तीन दिवसांच्या अंतराचे. एवढी जवळीक योगायोगाने येत नाही. हे दोन भाग कारखान्यातून एकत्र निघाले असेच मी मानतो. हायड्रॉलिकच्या झाकणावर ‘ई ११ ३’, मे १९४३, म्हणजे ते दुसऱ्या एखाद्या जुन्या ट्रॅक्टरवरून आलेले. ब्लॉकवरचा सालाचा अंक ९, आणि नंबर ८एनचा असल्याने १९३९ चा प्रश्न येत नाही.

गिअरबॉक्सवर ‘९एन’ने सुरू होणारा भाग क्रमांकही होता, आणि तो पाहून स्नेह्यांना वाटले की ट्रॅक्टर ९एनच. ती समजूत पुष्कळांची होते. भाग क्रमांकातली अक्षरे त्या भागाचा आराखडा कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात. ९एनसाठी आखलेले कितीतरी भाग २एनवर आणि पुढे ८एनवरही त्याच क्रमांकाने बसत राहिले. साल ओतल्याच्या तारखेवरूनच काढावे. मार्च १९४६ म्हणजे २एनच, कारण ९एन हे नाव १९४२ मध्येच संपले होते.

मग ट्रॅक्टर कोणता? काही जाणकार नंबराला सर्वस्व मानतात, त्यांच्या हिशेबाने हा १९४९ चा ८एन. मला ते पटत नाही. तीन गिअर, पेडलांची मांडणी, स्टिअरिंग, बॉनेट, हायड्रॉलिकची पद्धत, ज्याला ट्रॅक्टर म्हणून आपण हात लावतो ते सगळे २एनचे आहे. इंजिन पाहुणे आहे, चांगले पाहुणे आहे, पण घर त्याचे नाही. मूळ इंजिनाबरोबर गेलेला ‘९एन’चा नंबर आता मिळणार नाही. १९४६ च्या यादीतला एखादा क्रमांक निवडून तो ब्लॉकवर पंच करून देऊ, असे एका कारागिराने सुचवलेही. त्याला साफ नकार दिला. तसे करणे म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे, आणि पुढे हा ट्रॅक्टर ज्याच्या हाती जाईल त्याची ती फसवणूक ठरेल.

कागदांत मात्र नंबर तोच ठेवला जो ब्लॉकवर आहे, कारण खरेदीखतावर तोच होता आणि तपासणारा तोच पाहणार. वर्णनाच्या जागी लिहिले: ‘फोर्ड २एन, सांगाडा १९४६, इंजिन ८एन १९४९’. विकणाऱ्या गृहस्थांनाही हे कळवले आणि त्यांनी खरेदीखताच्या दुरुस्त प्रतीवर सही करून दिली. नंबराचा पेन्सिलचा ठसा, तारखांचे फोटो आणि शेडमधले धुळीचे फोटो त्याच फाइलमध्ये लावले. रंगाचा निर्णय स्नेह्यांनी पुढे ढकलला आहे. त्यांना सबंध गडद राखाडी हवा आहे आणि ‘फर्ग्युसन सिस्टिम’ची पट्टीही परत बसवायची आहे, पण ब्रेक झाल्याशिवाय रंगाला हात लावू नका असे मी सांगितले आहे.

भागांची यादी त्यामुळे दोन हिश्शांत गेली. प्लग, पॉइंट, कॉइल, गॅस्केट, पाण्याचा पंप असे इंजिनावरचे सगळे ‘८एन, डिस्ट्रिब्युटर पुढे’ असे लिहून मागवले, आणि ब्रेक, स्टिअरिंग व गिअरबॉक्सचे सगळे ‘२एन’ लिहून. ब्रेकचा डबा उघडून लायनिंग ड्रमला लावून पाहिले तेव्हा ते अचूक बसले. जाहिरातीवर विसंबून ८एनचे मागवले असते तर ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग परत पाठवावे लागले असते.